कराराचा कागद आणि कामगाराचा हक्क

लंडनमधील उबरचालक करारापुरते ‘स्वतंत्र व्यावसायिक’ होते. भाडे कंपनी ठरवी, अटी कंपनी लादी, वारंवार फेऱ्या नाकारणाऱ्याला काही काळ ॲपबाहेरही काढी. मालक मात्र कोणीच नव्हता! ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी हा देखावा एकमताने मोडून काढला. किमान वेतन आणि भरपगारी रजा हे हक्क संसदेच्या कायद्याने दिलेले. बलिष्ठ पक्षाने लिहिलेल्या कागदावरून ते ठरू लागले, तर कायद्याचा हेतूच विफल होतो, ही न्यायालयाची भूमिका. ॲप सुरू ठेवून फेरीची वाट पाहण्याचा वेळही त्याने कामाचाच मानला.

ब्रिटनविना उरलेल्या युरोपीय संघाने २०२४ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. कंपनीचे नियंत्रण दर्शविणारी तथ्ये आढळली, की नोकरीचे नाते गृहीत धरावयाचे. ते नाही, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर. सदस्य राष्ट्रांना त्यासाठी २ डिसेंबर २०२६ ही मुदत आहे. एकट्या चालकाला बलाढ्य कंपनीसमोर बरोबरीने उभे करणारी तरतूद खरे तर हीच.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेने वेगळी वाट धरली. ‘गिग’ कामगाराची व्याख्याच तिने पारंपरिक मालक-नोकर संबंधांबाहेर केली. कंपन्यांच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद तिच्यात आहे. मालक कोण, या प्रश्नाला मात्र तिने हात घातलेला नाही.