खूण पुसली म्हणजे दुखणे जाते काय?

घरचा संगणक सुरू करावा आणि काळ्या पडद्यावर अक्षरे उमटावीत, की डिस्कची तपासणी करणे आहे. टाळावयाची असल्यास काही सेकंदांत कोणतीही कळ दाबा. पुष्कळजण काय करतात? कळ दाबतात! कामाची घाई असते, गाणी ऐकावयाची असतात, दिवे केव्हा जातील याचा भरवसा नसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही दिवसांनी तर ती सूचना दारावरच्या जुन्या तोरणासारखी होते. दिसते, पण कोणी पाहत नाही. वाचकहो, या कळ दाबण्याच्या सवयीविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही सूचना येते कशी, हे आधी समजून घेऊ. विंडोज प्रणालीत डिस्कच्या प्रत्येक भागावर एक छोटीशी खूण असते. लिहिण्याचे काम अर्धवट तुटले किंवा नोंदींचा मेळ बसेनासा झाला, की ती खूण उभी राहते. इंग्रजीत तिला 'डर्टी बिट' म्हणतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावयाची तर सातबाऱ्यावरचा बोजा आठवावा. बोजा चढला की जमिनीचा व्यवहार करणारा सावध होतो. तशीच ही खूण पाहून यंत्र सुरू होताना सावध होते आणि 'चेकडिस्क' नावाची तपासणी मागते. गंमत अशी, की ही खूण पाहण्याची आज्ञा आहे, मुद्दाम उभी करण्याचीही आहे. पण त्याच साधनात ती खाली उतरविण्याची आज्ञा नाही. तपासणी नीट पार पडली तरच ती उतरते. ज्याने हे योजिले त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा! तरी पळवाट आहेच. अमुक डिस्कची तपासणीच करू नये, असे यंत्राला बजावता येते. बोजा तसाच ठेवून सातबारा पेटीत दडविण्यापैकीच हा प्रकार.

आमच्या घरी ही खूण जाता जात नव्हती. तपासणी पुरी व्हावी, सर्व ठीक असल्याचा निर्वाळा मिळावा आणि आठवड्याभरात ती पुन्हा उभी! त्या डिस्कवर थोरल्या भावाचा डाळिंबबागेचा आठ वर्षांचा हिशेब होता, फवारणीच्या तारखा होत्या आणि आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही. हिशेब पुन्हा मांडता येईल. तो आवाज कोठून आणावा?

दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. एकाने "फॉरमॅट मारू" म्हणून सांगितले, दुसऱ्याने "डिस्कच बदला" म्हणून. दोघांनीही यंत्र उघडून पाहिले नाही. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

मग आम्ही घरीच क्रम ठरविला. पहिले काम, असेल ते सारे बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे. हे तपासणीच्याही आधी करावे. कारण डिस्क खरोखरच मरणपंथाला लागलेली असेल, तर तिचा कण न् कण वाचणारी दीर्घ तपासणी तिला अधिकच थकविते. दुसरे काम, डिस्कची स्वतःची रोजनिशी वाचणे. आजकालच्या डिस्का 'स्मार्ट' नावाची नोंदवही आपल्या पोटात बाळगतात. खराब म्हणून बदललेल्या जागा किती, संशयित जागा किती, याचे आकडे तीत असतात. आमच्या डिस्कचे हे दोन्ही आकडे शून्य होते. मात्र 'सीआरसी' नावाचा तिसराच आकडा दिवसेंदिवस वाढत होता.

हा आकडा काय सांगतो? बागेतून गाडीत चढविलेले क्रेट आणि बाजारात उतरविलेले क्रेट मोजून ताडून पाहावेत, तशी डिस्क व संगणक यांच्यामध्ये जाणाऱ्या मजकुराची पडताळणी होत असते. मेळ बसला नाही की हा आकडा एकाने वाढतो. म्हणजे बाग ठीक, बाजारही ठीक, खोट वाटेत! आणि वाट म्हणजे डिस्कला जोडणारी हातभर तार. शेसव्वाशे रुपयांची ती तार बदलली, तपासणी पुन्हा एकवार पुरी होऊ दिली, आणि खूण उतरली ती उतरलीच. सीआरसीचा आकडा मात्र शून्यावर आला नाही. तो कधी येतही नसतो. फक्त वाढावयाचा थांबतो. झालेले पुसले जात नाही, पुढचे टळते. यंत्राचा हा प्रामाणिकपणा मला मोठा मोलाचा वाटला.

यावर कोणी म्हणेल, की मग रोजनिशी चांगली दिसली म्हणजे निर्धास्त झोपावे काय? नाही. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी नोंदवहीतील मुख्य धोक्याच्या खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती. खूण दिसली तर धोका मानावा; न दिसली तर अभय मानू नये. म्हणून प्रत हवीच, आणि ती त्याच यंत्रात नव्हे, वेगळ्या जागी हवी.

१९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तीत पन्नास मोठ्या तबकड्या होत्या आणि मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. ती राखावयाला तज्ज्ञ मंडळी असत. आज तिच्या कितीतरी लाख पट साठवण सांगोल्यातल्या एखाद्या घरात कपाटाच्या कोपऱ्यात पडून असते आणि राखणारे आपणच असतो. २००१ पासून एमएस-सीआयटीने संगणक खेडोपाडी नेला, हे फार मोठे काम झाले. आता पुढची पायरी आपली आहे. यंत्र चालविणे आले. ते राखणे यावयास हवे. हे काम विज्ञानशाखेचे, असे म्हणून कलाशाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी हात झटकू नयेत. लोकगीते, बखरी, बोलीतले शब्द गोळा करणारे आपण. उद्याचे आपले सारे संचित या डिस्कांवरच राहणार आहे.

डाळिंबावर तेल्याचा डाग दिसला, तर आपल्या तालुक्यातला कोणता बागाईतदार तो फडक्याने पुसून स्वस्थ बसतो? तो झाडाकडे जातो, फांदी पाहतो, शेजारची झाडे पाहतो. ही शहाणीव आपल्या घरात पिढीजात आहे. तीच पडद्यासमोर बसल्यावर का सोडावी? पुढच्या वेळी ती पांढरी अक्षरे दिसली, की कळीवरचा हात क्षणभर आवरा, एवढेच माझे सांगणे.