पलाश नव्हे, पळस



बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण आनंदाचं आहे. फाल्गुनात आम्हाला नातू झाला. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. पण बाळाच्या नावावरून गेला महिनाभर आमच्या घरात जे महाभारत चाललं आहे, त्यावर मी आजवर गप्प होतो. ‘गुरुजी, तुम्ही यात पडू नका’ असं आमच्या सौ.नी बजावलं होतं. आता पडतो.

तर झालं असं. सूनबाईचं माहेर किनवटकडचं, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडचं. पहिलं बाळंतपण, म्हणून ती तिकडेच होती. रात्री कळा सुरू झाल्या, दवाखाना लांब, उजाडता उजाडता गाडी निघाली. आमच्याकडचं फाल्गुनातलं रान ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. झाडावर पान नाही आणि फुलांनी नुसतं पेटलेलं. ती म्हणते, ‘कळ आली की मी खिडकीतून पळस मोजायचे. सत्तर-ऐंशीपर्यंत मोजले, मग आकडा चुकला.’ दुपारी मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो तर तिनं सांगून टाकलं, याचं नाव पळस.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही दचकलो. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस मी. ‘पळस’ अशी हाक मारून मनातल्या मनात पाहिली, तर पत्रावळीच डोळ्यापुढे आली. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सूनबाईला फोन करून सांगितलं, पोरी, मी तुझ्या बाजूचा.

पण मी एकटाच. बाकी सगळं गोत्र एका बाजूला. पुसदची अक्का, पुण्याची माझी लेक (म्हणजे बाळाची आत्या, जिने पाळण्यात कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं ती), अमेरिकेतला पुतण्या, आणि व्हॉट्सअॅपवरचे यच्चयावत मामा-मावश्या. ही सगळी मंडळी माझं लिखाण वाचतात, म्हणून इथेच उत्तर देतो. फोनवर कुणी मला वाक्य पुरं करू देत नाही.

अक्काचं म्हणणं, झाडाझुडपाची नावं मुलींना ठेवतात, मुलाला शोभत नाहीत. अक्का, आपल्या मोठ्या भाच्याचं नाव पंकज. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेला. बारशाला तूच पेढे वाटले होतेस. आपल्या नात्यात एक समीर आहे, एक अनिल आहे, म्हणजे दोन वारे झाले. एक तुषार आहे, तो पाण्याचा शिंतोडा. मिलिंद म्हणजे भुंगा. अर्जुन तर घरोघरी, पण नदीकाठी पांढऱ्या खोडाचा अर्जुन उभा असतो, त्याच्याकडे बोट दाखवून ‘हा तुझ्या नावाचा’ असं एका तरी अर्जुनला कुणी सांगितलंय का? म्हणजे मुलाला झाडापाखराचं नाव आपण पिढ्यान् पिढ्या ठेवत आलो. अट एकच, ते संस्कृतात हवं. आपल्याला कळेल अशा भाषेत असलं की लाज वाटते.

आणि कळेल अशा भाषेतली नावंही होतीच की! दगडू, धोंडू, दगडाबाई. हल्ली ही नावं म्हणजे विनोद झाला आहे. २०१४ साली ‘टाइमपास’ सिनेमा आला आणि दगडू म्हटलं की पोरं खिदळायला लागली. ‘ती गरिबाघरची नावं हो,’ असं परवाच एकानं मला ऐकवलं. गरिबाघरची? स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवलेले, १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे, त्यांचं नाव धोंडो केशव. आपल्या ना. धों. महानोरांच्या नावातला ‘धों.’ म्हणजेही धोंडोच, त्यांचे वडील. त्यांचं गाव पळसखेडे. रानातल्या कवितांचा कवी, बापाच्या नावात धोंडा आणि गावाच्या नावात पळस. २०२३ साली ते गेले. त्यांच्या नावाला कुणी हसल्याचं मी तरी ऐकलं नाही.

हे दगड-धोंडे कुठून आले ते आजच्या आईबापांना माहीत नसतं. ज्या घरात मुलं जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाला असं नाव ठेवायचे. हा दगड आहे, याला नेऊन काय करणार, असं काळाला भासवायचं. आईनं काळाशी केलेली ती लबाडी होती.

मला हे उशिरा कळलं, आणि कसं कळलं ते सांगायला हवं. आजवर सांगितलं नव्हतं.

१९७५चा जून. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, अंगात सुधारणेचं वारं. रानालगतच्या एका गावात शाळा. एक बाई पोराला दाखल करायला घेऊन आली. नाव काय? दगडू. जन्मतारीख? ‘लई पानी पडलं त्या साली, पोळ्याच्या अगुदर.’ मी एक जून टाकली. त्या काळी निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनला होत असे. :) आणि नावाच्या रकान्यात दगडूच्या जागी लिहिलं, दिगंबर. तिला विचारलंही नाही. उलट वाटलं की पोराचं भलं केलं, पुढे कुणी हसणार नाही.

तीस-बत्तीस वर्षांनी, निवृत्तीच्या सुमारास, तो दिगंबर माझ्या दारात आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सातबारावर दगडू, रेशनकार्डावर दगडू, शाळेच्या दाखल्यावर दिगंबर. दोघं एकच आहेत हे सिद्ध करता करता बिचारा घायकुतीला आला होता. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव छापून आणायचं होतं. मी जिथे लागेल तिथे सह्या दिल्या. चहा पिताना तो सहज म्हणाला, ‘गुर्जी, माह्या आंधीचे दोन गेल्ते. मायनं मले दगडू म्हनलं म्हून मी वाचलो म्हने. घरी अजून दगडूच म्हन्तेत.’ आणि वर मलाच समजावलं, ‘तुमी त् चांगल्यासाटीच केलं जी.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन मुलं पुरलेल्या बाईनं तिसऱ्याला वाचवायला जे नाव ठेवलं, ते मी शाईच्या एका फराट्यानं खोडलं होतं. आणि तो काही एकटा नव्हता. अशी किती नावं मी ‘सुधारली’ असतील याचा हिशेब आता लागायचा नाही.

म्हणून मंडळी, या पळसाच्या भांडणात मी इतका हट्टाला पेटलो आहे.

आता लेकीचा तोडगा. ती म्हणते, ‘बाबा, भांडण नको. पलाश ठेवू. अर्थ तोच आणि ऐकायलाही बरं.’ सगळे खूष. मुलगा अर्धा विरघळला. व्हॉट्सअॅपवर टाळ्यांची चित्रं आली. मला मात्र अंगठे दाबून बसल्यासारखं झालं. अर्थ तोच कसा? आमच्या बांधावर पलाश नाही. तिथे पळस आहे. त्याच्या पानांच्या पत्रावळी आमच्या आईनं लावल्या, त्याची फुलं उकळून आम्ही रंगपंचमी खेळलो, त्याच्या मुळ्यांचे दोर वळले. त्याला ढाणकीत कुणी पलाश म्हणून हाक मारलेली मी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत ऐकली नाही. ‘पलाश’ला विरोध नाही, शब्द सुंदर आहे. बंगालातलं ते प्लासी, १७५७च्या लढाईचं, त्या गावाचं नावही पलाशवरूनच पडलं म्हणतात. तिकडचं माणूस पलाश म्हणतं, कारण तो त्याचा रोजचा शब्द आहे. आमचा रोजचा शब्द पळस. सूनबाईनं गाडीतून जे मोजले ते पळस होते.

पुतण्याचा मुद्दा वेगळा. ‘काका, ळ इकडे कुणाला म्हणता येत नाही.’ बाळा, तिकडे आपलं आडनाव तरी कुणाला धड म्हणता येतं? पण तुझं सोड, तू दूर आहेस. इथल्या इथे आपण ळ घालवतो आहोत त्याचं काय? हिंदीत ळ नाही, इंग्रजीत नाही, म्हणून आपण कमळला कमल केलं, निळूला नील केलं. ळ हे काही गावंढळ अक्षर नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ते आहे. नंतरच्या संस्कृतानं ते सोडलं, मराठीनं राखलं. गुजराती, कन्नड, तमिळ, ओडिया, सगळ्यांकडे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच व्हॉट्सअॅपवर पेढ्यांची चित्रं फिरली होती. आणि घरातल्या पोराच्या नावात एक ळ आला तर जड झाला.

अक्काची शेवटची तोफ: पळस अशुभ. परदेशी गेलेला माणूस सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. खरं आहे, पण अक्का, त्या विधीला म्हणतात पालाशविधी. मग तुमचं ते पलाश जास्त जवळचं झालं की नाही? आणि मुंजीत बटूच्या हातात जो दंड देतात तो कशाचा असतो? माणसाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोबत करणारं झाड हे, त्यात अशुभ काय?

चिडवणार, हे मात्र मान्य. ‘पळसाला पाने तीनच’ हे त्याला जन्मभर ऐकावं लागणार. पण इतकी वर्षं वर्गात काढून सांगतो, पोरं चिडवायचं ठरवलं की कुठल्याही नावावर चिडवतात. आमच्याकडे एक विजय होता, दर वर्षी नापास व्हायचा. त्याला काय कमी चिडवलं? आणि हल्लीच्या हजेरीत म्हणे पाचात दोन नावं ‘अंश’नं संपणारी. कुणाचा अंश ते आईबापांनाही सांगता येत नाही, फोनमध्ये पाहून ठेवलेलं. (लेकीनं आपल्या मुलाचं काय ठेवलं ते इथे लिहीत नाही. घरात शांतता हवी.)

निसर्गाची नावं ठेवायची नवी फॅशन आली आहे, तिचाही मी भक्त नाही. मुलाचं नाव अरण्य आणि दारातला कडुनिंब गाडी लावायला अडचण म्हणून तोडलेला, असं घर मी पाहिलं आहे. सूनबाईचं तसं नाही. तिला पळस ओळखता येतो, आणि पोराला दाखवताही येईल. आमच्या बांधावर चार आहेत.

स्वीडनचा तो लिनियस, ज्यानं जगातल्या झाडांना शास्त्रीय नावं दिली, त्याचं आडनावच मुळी एका झाडावरून आलेलं. त्यांच्या घरच्या जमिनीत एक मोठं लिंडनचं झाड होतं, त्यावरून बापानं ते घेतलं. मात्र घेतलं ते लॅटिन रूप देऊन, म्हणजे त्यांचंही पलाशच झालं. अक्का, हा मुद्दा तुझ्या बाजूचा. प्रामाणिकपणे सांगितला.

परवा नाव नोंदवायची चौकशी करायला गेलो होतो. जन्माची नोंद झालेली आहे, नाव लागायचं आहे. बारा महिन्यांच्या आत लावलं तर पैसे पडत नाहीत. खिडकीवरचा मुलगा चांगला होता, अदबीनं बोलला. कागदावरचं नाव वाचलं आणि हसून म्हणाला, ‘सर, पलाश असंल. पळस कुठं नाव असते का? मी बरोबर लिहून देतो.’ त्याचं पेन उचललेलं होतं. त्या खिडकीपलीकडे मला १९७५चा मी बसलेला दिसला. मी कागद परत घेतला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या पोरांचा तर शाळेपासून पासपोर्टापर्यंत सगळा कारभार याच एका दाखल्यावर चालायचा आहे. एकदा चुकलं की माझ्या नातवालाही पिशवी घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल.

एक चांगली गोष्ट आहे. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. म्हणजे पळस या नावाला लागून तिचंच नाव येईल, जिनं ते झाडं मोजत मोजत ठेवलं.

सोमवारी पुन्हा जाणार आहे. कागदावर ळ चांगला ठसठशीत काढला आहे, फळ्यावर काढायचो तसा.

बारसं येत्या रविवारी, ढाणकीच्या घरी, संध्याकाळी पाच वाजता. आत्याबाईंनी कानात काय सांगायचं ते अजून कबूल केलेलं नाही, पण गाडीचं तिकीट काढलं आहे. जेवण पत्रावळीवर आहे. पळसाच्याच. ज्यांना नाव पटलेलं नाही त्यांनीही यावं, त्यांच्यासाठी वेगळी ताटं मांडलेली नाहीत.