सव्वा मिनिटाचे अंडे



आमच्या घरी मायक्रोवेव्ह आला तेव्हा त्याचा उपयोग एवढाच, की सकाळची भाजी रात्री गरम करायची. पुढे आईच्या दाढा काढाव्या लागल्या. आईचे वय ७८. आम्ही दोघेही सातच्या आत घराबाहेर पडतो, मुलगी कॉलेजला जाते. आईचा हात थरथरतो आणि दोनदा गॅस तसाच चालू राहिला होता. म्हणून घरी कोणी नसताना तिने गॅस पेटवायचा नाही, असे ठरले. ठरले म्हणजे आम्ही ठरवले, तिला विचारले नाही. ती काही बोलली नाही. पण थर्मासमधला चहा आणि त्यात बुडवलेला पाव, यावर तिची सकाळ निघू लागली. जिने आम्हा चार भावंडांना चुलीवर रांधून घातले, तिच्या पोटात दुपारपर्यंत गरम घास नाही, हे आम्हाला खटकत होते.

एका रविवारी तिनेच फ्रीजमधले सोललेले उकडलेले अंडे मायक्रोवेव्हमध्ये गरम केले. बाहेर काढले तेव्हा अगदी शहाण्यासारखे दिसत होते. चमचा लावला मात्र, फाटकन फुटले! बलक थेट छतापर्यंत. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

असे का होते, ते समजून घ्यावे. हे यंत्र मुख्यतः अन्नातले पाणी तापवते. बलकाभोवती पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या आत उष्णता कोंडून राहते. बाहेरून काही कळत नाही. चमचा टोचला की आतल्या पाण्याची एकदम वाफ होते. कुकरला शिट्टी असते, अंड्याला नसते! अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या तंत्रज्ञाने १९४५ च्या सुमारास या लहरींवर पहिले प्रयोग केले, तेव्हा एक अंडे त्याच्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले, असे सांगतात. या स्पेन्सरचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, लहानपणीच तो गिरणीत कामाला लागला होता.

तेव्हा कवचासकट अंडे मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये, आणि उकडलेले अंडे त्यात पुन्हा गरमही करू नये. पाण्यात फोडलेले अंडे मात्र करता येते. तो काही साहेबी प्रकार नव्हे. उकळत्या आमटीत अंडी फोडून सोडणे आईला नवे नाही. घरात खाणारी सहा तोंडे, अंडी तीन. उकडून वाटली तर अर्धे अर्धे, आमटीत सोडली की आमटीच सगळ्यांची होई.

आम्ही एका सुट्टीत डझनभर अंडी घेऊन बसलो. पहिल्याला टोचायचे विसरलो, तर वरची बशीच उडाली. दुसऱ्याला पाणी कमी पडले, वरचा पांढरा भाग रबरासारखा चिवट झाला. मग जमले ते असे. काचेचा किंवा चिनी मातीचा मोठा कप घ्यावा. स्टीलचा नको, सोनेरी काठाचाही नको. त्यात अर्धा कप साधे पाणी घालून अंडे अलगद फोडून सोडावे. ते पाण्यात पुरते बुडाले पाहिजे. मग टूथपिकने बलकाला दोन ठिकाणी टोचावे. बलक पसरत नाही, भिऊ नये. वर बशी झाकावी. आमचे यंत्र ८०० वॉटचे आहे, त्यात एक मिनिटाने बलक मऊ राहतो. म्हातारी माणसे, गरोदर बाई, लहान मूल यांना कच्चट बलक देऊ नये, त्यातून जंतुबाधेची भीती असते. त्यांच्यासाठी सव्वा मिनिट, आणि मग झाकण न काढता एक मिनिट तसेच ठेवावे. तरीही बलक हलत असेल तर दहा-दहा सेकंद वाढवावेत. यंत्र कमी वॉटचे असेल तर वेळ जास्त लागेल. कप फडक्याने धरावा, बशी तोंडापासून दूर कलती करून काढावी आणि अंडे झाऱ्याने उचलावे. वर मीठ, मिरपूड. आईला कांदा-लसणाची चटणी लागते.

राहिला प्रश्न बटणांचा. ती बारीक अक्षरे आईला दिसेनात. नातीने आपल्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या काढल्या, एक अर्ध्या मिनिटाच्या बटणावर लावली, एक बंद करायच्या बटणावर. पहिली तीनदा दाबायची. दीड मिनिट होते, पण सव्वाला दार उघडायचे हे आईने एकदा पाहूनच लक्षात ठेवले. टोचायचे मात्र तिला कोणी सांगावे लागत नाही, टूथपिकची डबी कपाशेजारीच असते. बलक पातळ हवा म्हणून ती अजून कुरकुरते, त्यावर आमचे भांडण चालूच आहे.

परवा आम्हाला निघायला उशीर झाला. चपला घालत होतो, तर आईने टेबलावर कप ठेवला आणि म्हणाली, "बसा दोघं. दोन मिनिटं लागतात, कळलंय मला."