सीझरचा विमा

बाईकचा विमा नसेल तर चौकात मामा आपल्याला अडवतो. पण पोलिसांच्या श्वानांच्या विम्याचं काय?

२६/११ नंतर सीएसटीवर बॅगेतला बॉम्ब सीझरने हुंगून काढला. निवृत्तीनंतर त्याला आणि त्याच्या साथीदारांना विरारच्या एका प्राणिप्रेमी बाईंनी सांभाळलं. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर, चौघेही २०१६ मध्ये गेले.

आमच्या मेसच्या मोत्याचा पाय मोडला तेव्हा आम्ही वर्गणी काढली होती. ठीक आहे, तो आमचा होता. सरकारी ड्यूटीवरच्या कुत्र्याचं असं भागवायचं?

विमा हवाच. पण कुत्रा मेल्यावर खात्याला त्याची किंमत मोजून देणारा विमा माझ्या मते अर्धवट. ऑपरेशन, औषधं आणि निवृत्तीनंतरचा दवाखानाही त्यात धरा. हप्ता सरकारने भरावा.