चौदा वर्षांच्या बंदीचा हिशेब

एखाद्या राष्ट्राने आपल्या राज्यघटनेत एक दुरुस्ती मोठ्या समारंभाने करावी आणि पंधरा वर्षे पुरी होण्याच्या आतच ती दुसऱ्या दुरुस्तीने पुसून टाकावी, असा प्रसंग अमेरिकेच्या इतिहासात एकदाच घडला आहे. १९१९ च्या जानेवारीत अठराव्या घटनादुरुस्तीस पुरेशा राज्यांची संमती मिळाली. १७ जानेवारी १९२० पासून मादक पेयांचे उत्पादन, विक्री व वाहतूक सबंध देशात बेकायदा ठरली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने ही बंदी उठली. आपल्याकडील दारूबंदीच्या प्रत्येक वादात या प्रयोगाचा दाखला निघतो. बंदीचे विरोधक ‘अमेरिकेत काय झाले ते पाहा’ असे म्हणून वाद जिंकल्याच्या थाटात उठतात. बंदीचे कैवारी तिकडे पाहण्याचेच नाकारतात. त्या हिशेबाची वही दोघांनीही नीट उघडलेली नसते. ती उघडल्यास जमेच्या व खर्चाच्या दोन्ही बाजूंस विचार करावयास लावणाऱ्या नोंदी आढळतात.

बंदीच्या मागणीचा उगम केवळ धर्मोपदेशकांच्या कर्मठपणात शोधणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन ‘सलून’ म्हणजे गल्लोगल्लीचा दारूचा गुत्ता. मजुराचा आठवड्याचा पगार तेथे रिता होई, निवडणुकीतील मतांचा सौदा तेथे चाले आणि या साऱ्याची किंमत घरी बायकामुले मोजीत. ज्यांना मताचा हक्क नव्हता अशा स्त्रियांनी १८७४ मध्ये ख्रिस्ती महिलांचा मद्यनिषेध संघ स्थापिला तो या दुःखातून. पुढे १८९३ मध्ये ओहायो राज्यात निघालेल्या अँटी-सलून लीगने त्या भावनेच्या हाती मतपेटीचे शस्त्र दिले. उमेदवार कोणत्या पक्षाचा हे न पाहता तो बंदीच्या बाजूचा की विरुद्ध, एवढेच पाहावयाचे, हे तिचे सूत्र होते. त्यात पहिल्या महायुद्धाची भर पडली. बिअरचे मोठमोठे कारखानदार बहुतांशी जर्मन वंशाचे असल्यामुळे बिअरचा द्वेष हेही देशभक्तीचे लक्षण ठरले.

परंतु केवळ भावनेने असे कायदे होत नाहीत. त्यांस तिजोरीची संमती लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या संघ सरकारच्या महसुलापैकी सुमारे एक तृतीयांश भाग मद्यावरील करातून येत असे. इतके उत्पन्न सोडण्यास कोणता अर्थमंत्री तयार होईल? १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आयकराचा मार्ग मोकळा केला, युद्धकाळात त्याचे दर चढले आणि दारूचा पैसा नसला तरी सरकार चालेल असा विश्वास उत्पन्न झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; कारण या नाटकाच्या अखेरच्या अंकात ती पुन्हा रंगभूमीवर येणार आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. बंदीमुळे पिणे मुळीच कमी झाले नाही, ही लोकप्रिय समजूत खोटी आहे. मिरॉन व झ्वीबेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे आरंभी मद्यसेवन पूर्वीच्या सुमारे तीस टक्क्यांवर आले. पुढील काही वर्षांत मात्र ते साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत परत चढले. यकृताच्या सिरोसिस या विकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९११ मध्ये लाखामागे २९.५ होते, ते १९२९ मध्ये १०.७ झाले. ही घट अंशतः १९२० च्या आधीच, युद्धकालीन निर्बंधांमुळे व राज्याराज्यांतील बंदीमुळे सुरू झाली होती, हे खरे. तरीही जी घरे वाचली ती वाचली. त्यांची नोंद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता खर्चाची बाजू. बंदीमुळे कामगार निर्व्यसनी होतील, उत्पादन वाढेल, दारूवर जाणारा पैसा कापडाच्या दुकानात व नाट्यगृहात येईल, अशी आशा होती. येल विद्यापीठाचे अर्विंग फिशर यांच्यासारखा नामांकित अर्थशास्त्रज्ञ ती आकड्यांनिशी मांडीत होता. प्रत्यक्षात हजाराहून अधिक बिअर कारखान्यांपुढे जगण्याचा प्रश्न उभा राहिला. कोणी यीस्ट विकू लागले, कोणी आइस्क्रीम, कोणी चीज. अनेकांनी टाळेच ठोकले. त्यांच्याबरोबर पिंपे बनविणारे, गाडीवान व वाढपी यांची रोजी गेली आणि मद्याच्या नफ्यावर चालणारी उपाहारगृहे बसली. आणि ज्या पैशाने कापडाच्या दुकानात यावे अशी अपेक्षा होती, त्यातील मोठा भाग दारूकडेच, पण चोरवाटेने व चढ्या भावाने गेला. धंदा मेला नाही. त्याने केवळ मालक बदलला. पूर्वी परवाना घेऊन कर भरणारा व्यापारी तो चालवीत असे, आता पिस्तूल बाळगणारा चालवू लागला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात माणसांना भिंतीपाशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या, त्या याच धंद्याच्या स्पर्धेतून. त्या शहरातील टोळीनायक अल कपोन यास १९३१ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली खरी. पण ती ना खुनाबद्दल होती ना दारूबद्दल. ती आयकर चुकविल्याबद्दल होती!

चोरट्या व्यापाराचे एक साधे गणित आहे. लपवून न्यावयाचा माल थोड्या जागेत अधिक किमतीचा असावा लागतो. त्यामुळे बिअरसारखे सौम्य पेय मागे पडले आणि कडक दारू पुढे आली. शिवाय तिच्या शुद्धतेची हमी देणारा कोणी उरला नाही. कारखान्यांस लागणाऱ्या अल्कोहोलात विष मिसळण्याचा सरकारी नियमच होता. चोरटे ते गाळून विकू लागले, तेव्हा १९२७ च्या आरंभी विषाचे प्रमाण वाढविण्यात आले. कायदा पाळला जावा म्हणून नागरिकांच्या प्राणांशी असा खेळ करणे योग्य काय, असा सवाल न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे केला. १९३० मध्ये ‘जमैका जिंजर’ या औषधी अर्कातील भेसळीने हजारो माणसांचे पाय लुळे पडले. ती बहुतेक गरीब होती. कारण श्रीमंतांना तो अर्क पिण्याची गरजच नव्हती. कायद्याने विक्री गुन्हा ठरविली होती, आधी घेऊन ठेवलेली दारू घरी पिणे नव्हे. ज्याने १९२० पूर्वी तळघर भरून ठेवले त्याची मैफल निर्वेध चालली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे, धर्मविधीच्या नावाने वाइन मिळे. हातकडी पडे ती बहुधा बाहेरून आलेल्या मजुरास, कृष्णवर्णीयास किंवा स्वयंपाकघरात भट्टी लावणाऱ्या विधवेस.

आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान येथे झाले. एवढ्या खंडप्राय देशासाठी आरंभी सुमारे दीड हजार अंमलदार नेमले गेले. त्यांना नागरी सेवेच्या परीक्षेतून १९२७ पर्यंत वगळल्यामुळे नेमणुका वशिल्याने झाल्या आणि पगार तुटपुंजे राहिले. मग कुंपणानेच शेत खाल्ले यात नवल कोणते? खटल्यांचा ढीग एवढा साचला की, संघ न्यायालये ठराविक दिवशी आरोपींना घाऊक कबुलीच्या बदल्यात किरकोळ दंडावर सोडू लागली. १९२९ मध्ये कायदा अधिक कडक करून पाच वर्षांची कैद ठेवली; तिचा धाक बसण्याऐवजी संताप वाढला. विकरशॅम आयोगाने १९३१ मध्ये अंमलबजावणीच्या दुर्दशेचे सविस्तर चित्र रंगविले आणि तरीही बंदी चालू ठेवावी अशी शिफारस केली! प्रतिष्ठित नागरिक सायंकाळी चोरट्या मद्यगृहात जाऊन सकाळी न्यायासनावर बसतो, हे पाहणाऱ्या सामान्य माणसाने इतर कायद्यांस तरी का मानावे? बँकेप्रमाणे कायद्याचीही एक पत असते. ती एका खात्यावर बुडाली की सर्वच खात्यांवर बुडते.

अखेर १९२९ ची मंदी आली. लोकांची मिळकत आटली तसा आयकरही आटला. १९३० ते १९३३ या काळात त्याचे उत्पन्न निम्म्याहून खाली गेले. ज्या कराने बंदी शक्य केली होती, त्याच्याच ऱ्हासाने तिचा अंत जवळ आणला. पण दोष एकट्या तिजोरीस देऊ नये. ज्या स्त्रियांच्या नावाने बंदी आली होती, त्यांच्यातूनच पॉलीन सेबिन यांनी १९२९ मध्ये बंदी रद्द करण्यासाठी महिलांची संघटना उभी केली. आमच्या मुलांना कायद्याबद्दल आदर उरलेला नाही, हा तिचा मुद्दा होता. आजन्म मद्यास न शिवलेल्या धाकट्या रॉकफेलरनेही १९३२ मध्ये बंदीचा पाठिंबा काढून घेतला. बंदी गेल्यावर मात्र गुत्त्यांचे जुने मोकाट राज्य परत आले नाही. नियंत्रणाचा अधिकार राज्यांकडे गेला. कोणी परवाने व वेळा ठरविल्या, कोणी सरकारी दुकाने काढली, तर मिसिसिपीने १९६६ पर्यंत आपली बंदी टिकविली.

या इतिहासापासून आपण काय घ्यावे? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली परमिट आणि हातभट्टी या दोन्ही संस्था आपण जवळून पाहिल्या. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. तथापि, ‘बंदी फसते’ एवढा एकच धडा काढून स्वस्थ बसणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. पगाराच्या रात्री दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईचा प्रश्न त्या धड्याने सुटत नाही. जेथे गावातील वा प्रभागातील स्त्रिया स्वतः मतदान करून बाटली आडवी करतात, तेथे कायद्यामागे समाज उभा असतो. जेथे बंदी केवळ राजपत्रातून उतरते, तेथे तिच्यामागे फक्त शिपाई उभा असतो. म्हणून बंदीची घोषणा करणाऱ्या सरकारने तीन प्रश्नांची उत्तरे आधी जनतेपुढे ठेवावीत. गेलेला महसूल कोठून भरणार? कायदा राबविणाऱ्यांवर नजर कोण ठेवणार? आणि व्यसनातून सुटू पाहणाऱ्यास औषधोपचार कोठे मिळणार? त्याचबरोबर, बंदी नको म्हणणाऱ्या सरकारनेही एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे : दारूच्या करावर जगण्याची सवय लागलेली तिजोरी लोकांचे व्यसन सुटावे असे मनापासून इच्छील काय? या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे मिळेपर्यंत अमेरिकेच्या त्या चौदा वर्षांचे नाव कोणत्याही पक्षाने आपल्या विजयाचे निशाण म्हणून फडकवू नये.