मुंबईला पाठवणे म्हणजे निदान नव्हे

रत्नागिरी जिल्ह्यात हाडांच्या दुखण्याविषयी एक समज इतका मुरला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटतच नाही. साधे मोडलेले हाड इथे बसवून घ्यावे. त्यापलीकडचे काही असेल, म्हणजे तान्ह्या मुलाचा खुबा, वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळची सूज, महिनोन्महिने न हटणारी पाठदुखी, तर थेट मुंबई, कोल्हापूर किंवा मिरज गाठावे. या समजाला तर्काचा आधारही दिला जातो. दुर्मिळ आजार क्वचित दिसतात, क्वचित दिसणारे ओळखायला मोठा तज्ज्ञ लागतो, मोठा तज्ज्ञ मोठ्या शहरात बसतो. म्हणून निदान शहरातच व्हायचे. यातले पहिले आणि तिसरे विधान खरे आहे. मधले खरे नाही, आणि सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. अवघड शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांत व्हाव्यात याला माझा मुळीच विरोध नाही. जो सर्जन एखादी शस्त्रक्रिया वारंवार करतो त्याच्या हातून ती अधिक चांगली होते, हे मान्यच केले पाहिजे. पण शस्त्रक्रियेबरोबर निदानाची पहिली पायरी आणि नंतरची देखरेखही आपण जिल्ह्याबाहेर सोडून दिली, आणि रुग्णाचे खरे नुकसान तिथे होते.

जन्मजात निखळणाऱ्या खुब्याचेच घ्या. हा दोष ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. इटलीतल्या मारिनो ओर्तोलानी या बालरोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये आणि इंग्लंडच्या बार्लो यांनी १९६२ मध्ये सांगितलेल्या तपासण्या दोन हातांनी, मिनिटभरात, प्रसूतिकक्षातच करता येतात. बाळाचे गुडघे दुमडून मांड्या बाहेर उघडताना सांधा खटकन आत बसला किंवा मागे ढकलताना निसटला, की संशय पक्का झाला. पहिल्या सहा महिन्यांत हे कळले तर पाव्हलिक पट्ट्यांसारख्या साध्या साधनाने सांधा बहुधा जागेवर राहतो. मूल चालू लागल्यावर, लंगडते म्हणून लक्षात आले, तर बहुतेकदा सांधा उघडून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तरीही तो निर्दोष राहील याची खात्री नसते. म्हणजे आजार तोच, मूल तेच. फरक पडला तो कधी कळले याने. ही तपासणी मुंबईच्या तज्ज्ञासाठी राखून ठेवायची तर प्रत्येक नवजात बाळ मुंबईला न्यावे लागेल. आपल्याकडची बाळ गुंडाळण्याची पद्धतही इथे विचारात घ्यायला हवी. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळलेल्या बाळाच्या खुब्यावर ताण येतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय मोकळे ठेवण्याची मोहीम झाल्यावर या दोषाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मूल कडेवर घेण्याची आपली रीत मात्र खुब्याला हितकारकच आहे, कारण तिच्यात मांड्या आपोआप फाकलेल्या राहतात. हे बाळंतिणीला सांगायचे तर ते गावातल्या आशाताईने आणि परिचारिकेने.

वाकड्या पावलाचे उदाहरण आणखी पुढे जाते. तिथे निदानच काय, उपचारही घराजवळच व्हावा लागतो. अमेरिकेत आयोवा इथे इग्नासियो पोन्सेती यांनी बसवलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने वळवून प्लास्टर घालतात. साधारण पाच ते सात प्लास्टरांत पाऊल वळणावर येते. बहुतेक मुलांत टाचेमागची शीर एका छोट्या छेदाने सैल करावी लागते, आणि मग तीन महिने जवळजवळ दिवसरात्र व पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपताना पट्टीचे बूट घालावे लागतात. मुंबई रत्नागिरीहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दर आठवड्याला तान्हे मूल घेऊन तिथे जाणारी मजूर बाई तिसऱ्या प्लास्टरनंतर थांबली, तर तिला अडाणी म्हणणे हा अन्याय आहे. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळते. त्या वेळी जवळ कोणी नसेल, तर शहरातल्या निष्णात हातांनी केलेले कामही वाया जाते.

यावर आधुनिक विचाराचा माणूस म्हणेल की आता तपासणीच्या हातांची गरज काय, एमआरआय काढला की सगळे दिसते. हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले जेमतेम ३६ टक्के. चित्रात दोष दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. उलट, हातातल्या अहवालात ‘चकती सरकली’ असे वाचून समाधान झालेल्या रुग्णाचा मणक्याचा क्षय मागेच राहून जाऊ शकतो. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला हा रोग आपल्याकडे दुर्मिळ म्हणण्याइतका दुर्मिळही नाही. रात्री वाढणारी पाठदुखी, बारीक ताप, घटणारे वजन, पाठीच्या एका मणक्यावर ठोकले असता होणारी वेदना, ही चिन्हे विचारल्याशिवाय आणि हात लावल्याशिवाय कळत नाहीत. ती कळली तर एमआरआय कुठला काढायचा आणि त्यात काय शोधायचे हेही कळते. वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘मध्यम मार्गा’ने हेच दाखवले की यातले बहुसंख्य रुग्ण क्षयाच्या औषधांनीच बरे होतात, शस्त्रक्रिया लागते ती मुख्यतः औषधे चालू असूनही पायांतली शक्ती परतत नाही किंवा जात राहते तेव्हा. ज्या रोगाची औषधे सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात, त्याने पाय लुळे पडेपर्यंत माणूस कंबरेला मलम चोळत बसावा, ही गोष्ट सहन होण्यासारखी नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो तज्ज्ञांकडून येतो. हाडाच्या कर्करोगात जिल्ह्याने हात घालू नये, कारण चुकीच्या जागी घेतलेला तुकडा पुढे पाय घालवतो. हे खरे आहे. अमेरिकेतल्या हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा तपासणीसाठी तुकडा काढण्यातल्या चुका, मूळ उपचारकेंद्राऐवजी रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या रुग्णालयात कित्येक पटींनी अधिक आढळल्या. काहींचे अवयव त्या चुकांपायी विनाकारण कापावे लागले होते. पण या पुराव्यातून निघते ते इतकेच की तुकडा तिथेच काढावा जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. संशय कोणी घ्यायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. दहा ते वीस वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या वर किंवा खाली सूज आहे, विश्रांती घेऊनही आणि रात्रीही दुखते आहे, तर खेळताना लागले असेल असे म्हणून तेल चोळू न देता त्याच दिवशी दोन बाजूंनी एक्स-रे काढणे, त्यात हाडाची कड कुरतडलेली किंवा बाहेर नवे हाड उभे राहिलेले दिसले तर सुईही न लावता त्या मुलाला टाटा रुग्णालयासारख्या केंद्राकडे स्पष्ट चिठ्ठीसह पाठवणे, हे संपूर्ण वैद्यकीय काम आहे. कुठे हात लावायचा नाही हे कळणेही निदानातच येते. केमोथेरपी येण्यापूर्वी पाय कापूनही पाचातला जेमतेम एक रुग्ण वाचे. आता रोग पसरण्याआधी सापडला तर निम्म्याहून बरेच अधिक वाचतात आणि अनेकांचा पायही राखता येतो. ‘पसरण्याआधी’ हा काळ रुग्ण गावात असतानाच निघून जातो.

हाडवैद्यांना शिव्या देऊन या प्रश्नातून सुटका करून घेणारेही आहेत. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलाला कामट्यांनी घट्ट आवळले तर रक्त अडून काही तासांत स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो. फोल्कमन यांनी हे १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे. सुजलेला कोपर चोळला तर स्नायूत हाड धरते. ही हानी झाकण्याचे कारण नाही. तरी लोक तिथे जातात, कारण तो माणूस जवळ आहे, वेळ देतो आणि दुखऱ्या जागेला हात लावतो. दवाखान्याने हात लावणे सोडले आणि कागद लिहून देणे धरले, तर हाडवैद्याविरुद्धची मोहीम पोकळच राहणार.

आता शेवटची सबब: माणसे कुठून आणायची? २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाखांवर, तालुके नऊ, आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण कमावते पुरुष मुंबईला. घरी उरतात म्हातारी माणसे, बायका आणि मुले, म्हणजे ज्यांना साडेतीनशे किलोमीटर नेणारे कोणी नसते तेच. तज्ज्ञांची वाण आहे हे खरे. पण वर सांगितलेल्या कोणत्याच पहिल्या तपासणीला दुर्मिळ तज्ज्ञ लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला, आणि त्याच्या यादीत वाकडे पाऊल व निखळणारा खुबा हे दोन्ही नावानिशी आहेत. डेरवणला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला परीक्षेत दुर्मिळ आजाराची व्याख्या विचारण्यापेक्षा पन्नास नवजात बाळांचे खुबे स्वतःच्या हातांनी तपासल्याची नोंद मागावी. रुग्ण पुढे पाठवताना संशय कशाचा, काय तपासले, काय मुद्दाम केले नाही, हे चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक करावे. आणि शहरातून परत आलेल्या प्रत्येक रुग्णाची पुढची तारीख तालुक्याच्या रुग्णालयातल्या नोंदवहीत असावी, तो न आल्यास त्याच्या घरी कोणी जायचे याच्या नावासकट.