आधी तिकीट, मग सिद्धान्त

येत्या चैत्रात आम्ही पाच मित्रमैत्रिणी एका तमाशाच्या फडामागोमाग बारा दिवस सायकलीवरून फिरणार आहोत. आम्ही सगळे मराठीचे अध्यापक, सगळे चाळिशी ओलांडलेले, आणि एकाचाही गुडघा धड म्हणावा असा नाही. ही बातमी महाविद्यालयात पसरल्यापासून आमच्याकडे तीन प्रकारचे अभिप्राय आले आहेत. काहींनी थट्टा केली. एकीने गंभीर आक्षेप घेतला. बहुतेकांनी मात्र कौतुक केले, आणि या तिन्हींत आम्हाला सर्वांत त्रासदायक वाटले ते हे कौतुकच. म्हणून हा खुलासा, आणि खुलाशाच्या ओघात थोडे भांडणही.

कौतुकाचा मजकूर ठरलेला आहे. "मरणपंथाला लागलेल्या लोककलेच्या जतनासाठी तुम्ही चाललात, हे मोठे काम आहे." आम्ही कसलेही जतन करायला चाललेलो नाही. ज्या माणसांनी २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम महामारीत बुडालेले पाहिले आणि तरीही पुन्हा ट्रक रस्त्यावर आणले, त्यांना पाच अध्यापकांच्या जतनाची गरज आहे असे मानणे हा आमच्या पेशाचा नेहमीचा उद्धटपणा आहे. मरणासन्न म्हटले की एक सोय होते. समोरचा मेल्यात जमा असला म्हणजे त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी उरत नाही, श्रद्धांजली वाहिली की भागते. लोकसाहित्यावरच्या आपल्या चर्चासत्रांतले किती निबंध अशा श्रद्धांजलीच्या सुरात वाचले जातात, याची मोजदाद ज्याने त्याने आपल्यापुरती करावी.

पहिली कबुली आम्हीच देतो. आम्ही पाच जणांनी मिळून पन्नासहून अधिक वर्षे 'लोकसाहित्य' हा विषय शिकवला आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग अशी तमाशाची अंगे फळ्यावर लिहून दिली, त्यांवर दहा गुणांचे प्रश्न काढले आणि उत्तरे तपासली. पण कनातीच्या आत बसून पूर्ण रात्र तमाशा पाहिलेला आमच्यात एकच निघाला, आणि तोही वयाच्या अकराव्या वर्षी मामाच्या गावच्या जत्रेत, घरच्यांची नजर चुकवून. उरलेल्यांचा तमाशा चित्रपटांतून, कादंबऱ्यांतून आणि एकमेकांच्या टाचणांतून आलेला. संगीताचा अध्यापक कधी मैफलीला गेला नाही असे कळले तर आपण हसू. इथे मात्र कुणी हसत नाही, कारण सगळ्यांचीच तीच कथा आहे.

तयारीचा तपशील सांगतो, कारण आमचा मूळ विचार बदलला तो तयारीतच. सुरुवातीला आमच्या याद्या सायकलींभोवती फिरत होत्या: पाने, हातपंप, पंक्चरची ठिगळे आणि सोल्युशन, जादा ट्यूब, मागच्या कॅरिअरला बांधायच्या पिशव्या, चैत्रातल्या उन्हासाठी डोक्याला पंचे. गिअरच्या सायकली घ्याव्यात की साध्या, यावर दोन संध्याकाळी गेल्या. मार्ग कागदावर सोपा होता. जुन्नर, आंबेगाव, खेड, पारनेर, संगमनेर या तालुक्यांतल्या जत्रा एकीला लागून एक येतात, त्यामुळे दिवसाला तीसचाळीस किलोमीटर पुरतील असा हिशेब होता.

तो हिशेब घेऊन आम्ही नारायणगावला गेलो. गुढीपाडव्याच्या आधीपासून तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्या येतात, राहुटीत बसून घासाघीस होते आणि सुपारी ठरते. आम्ही ज्या मालकांना भेटलो त्यांनी नकाशा शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "सर, आमची गाडी रात्री खेळ मोडला की निघते. आज इथं, उद्या नव्वद किलोमीटरवर. सुपारी कुठली येईल ते आमच्या हातात नाही. तुम्ही सायकलीवर कसं गाठणार?" आम्ही म्हणालो, जिथे गाठता येईल तिथे गाठू. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि आमच्या मोहिमेची खरी सुरुवात तो प्रश्न आहे. "बरं. पण तिकीट काढणार, का पाहुणे म्हणून येणार?"

आमच्या कोणत्याही यादीत तिकीट नव्हते. टिपणवही होती, ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते, कॅमेरा होता. आम्ही 'अभ्यासक' असल्यामुळे आत शिरणे हा आमचा हक्कच आहे, हे आम्ही न बोलता गृहीत धरले होते. तंबूच्या खेळाला गावातला शेतमजूर खिशातून पैसे काढून बसतो. जत्रेच्या खेळाला तिकीट नसते, पण त्यासाठी गावाने घरटी वर्गणी दिलेली असते. फुकट पाहणार होतो ते फक्त वेतन आयोगाचे पगार घेणारे आम्ही. त्या एका प्रश्नाने ज्ञानाच्या नावाखाली चाललेली आमची उधारी उघडी पडली.

आता थट्टा करणाऱ्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे की आता तमाशात उरले आहे काय? वग गेला, बतावणी गेली, चित्रपटांतली गाणी आणि त्यांवरचा नाच एवढेच राहिले. "अस्सल तमाशा संपला, आता नुसता धिंगाणा." हे वाक्य आमच्या कक्षात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला पुरावा लागतो हेच कुणाच्या मनात येत नाही. वग आक्रसला हे खरे आहे. पण तो का आक्रसला? वग हा रात्र चढत जाईल तसा उलगडणारा, पहाटेपर्यंत चालणारा प्रकार. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले, आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत तेवढी उरली. हे नियम वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही, रुग्णालयाशेजारी राहणाऱ्याला त्यांचे मोल ठाऊक असते. पण नऊ-साडेनऊला सुरू होणाऱ्या खेळाला जेव्हा घड्याळ असे बांधले जाते, तेव्हा मालक काय कापणार? समोरच्या पोरांनी शिट्ट्या मारून मागितलेले गाणे, की दोन तासांचा वग? कलेची 'विकृती' म्हणून ज्याची आपण नोंद करतो, त्यातला बराच भाग वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबाचा असतो. तो हिशेब आपल्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून आपण नीतीची भाषा वापरतो.

आणि ही नीतीची भाषा नवी नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली होती. ती उठली, पण तमाशा 'सुधारण्याची' कल्पना मागे राहिली आणि सुधारणा कशाला म्हणायचे हे सुशिक्षितांनी ठरवले. पुढे शहरी रंगभूमीने तमाशाचा घाट आवडीने उचलला. १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'ने नाट्यगृहे भरली, आणि ते नाटक आम्हालाही प्रिय आहे. पण घाट सभागृहात आला आणि माणसे तंबूतच राहिली, ही गोष्ट लोकनाट्याच्या इतिहासावरच्या उत्तरांत क्वचितच कुणी लिहिते, कारण आपण ती विचारत नाही.

शिक्षकाची आणि तमाशाची गाठ घालून देणारी मराठीतली सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा कोणती? १९७२ च्या 'पिंजरा'तले मास्तर. तमाशातली बाई भेटते आणि आदर्श शिक्षक धुळीला मिळतो. आपल्या वर्गाच्या मनात ही कथा इतकी खोल रुजली आहे की ती आपल्याच मातीतली वाटते. वास्तविक ती एका जर्मन चित्रपटाच्या कथेवर बेतलेली आहे. तमाशाने मास्तर बिघडतो ही भीती आपण बाहेरून आणली. मास्तरांनी तमाशाचे काय केले, हा प्रश्न मात्र आपण कधीच उभा केला नाही.

आता तो गंभीर आक्षेप. आम्ही मुळात सहा जण होतो. सहावी मैत्रीण दुसऱ्याच बैठकीला उठून गेली. तिची आजी फडात नाचत असे. ती म्हणाली, "त्या ट्रकमधून खाली उतरायला आमच्या घरच्या दोन पिढ्या गेल्या. आईला शाळेत घालताना बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं, इथून आमची सुरुवात. तुम्ही आता त्याच ट्रकमागे सायकली घेऊन निघालात आणि त्याला अनुभव म्हणता. तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी याल. तिला येता येत नव्हतं."

या आक्षेपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ते आहे असे भासवणारा लेख आम्ही लिहिणार नाही. तिच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला निधी डॉ. आंबेडकरांनी नाकारला, ही आठवण दलित चळवळीच्या लेखनात वारंवार येते. पवळेला नाचवून मिळालेला पैसा नको, असा तिचा आशय सांगितला जातो. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले, तेव्हा लावणीच्या ठसक्यावर लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेला काही काळ तरी शब्द सुचले नाहीत. शर्मिला रेगे यांनी लावणीकडे जात आणि लैंगिकता यांच्या अंगाने पाहायला शिकवले. शैलजा पाईक यांचे २०२२ सालचे पुस्तक तर 'अश्लील' हा शब्दच जातीने कसा घडवला याचा शोध घेते. हे सगळे वाचूनही जो 'ढोलकीची थाप आणि चाळांचा झणत्कार' असे वाक्य लिहील, त्याने ते वाचलेले नाही असेच म्हणावे लागेल.

आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर? रंगमंचावर नाचताना कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा उभी राहिली, हा प्रसंग आम्ही प्रत्येकाने वर्गात सांगितला आहे. कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला आहे. मैत्रीण गेल्यावर त्या संध्याकाळी आम्ही तो एकमेकांना पुन्हा सांगून पाहिला. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले, हे आमच्यापैकी एकानेही कधी वर्गाला विचारले नव्हते. खेळ थांबला असता तर पैसे कुणाचे बुडाले असते? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावंत २००२ साली गेली ती हलाखीत. आज तिच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. ज्याला आपण निष्ठा म्हणतो ती कित्येकदा मजुरी असते, आणि मजुरी हा शब्द टाळण्यासाठीच निष्ठा हा शब्द पुढे केला जातो.

मग आम्ही जातो कशाला? मैत्रिणीने विचारले तेच विचारायचे तर, घरी का बसत नाही? कारण आमच्या वर्गाने आजवर दोनच गोष्टी केल्या आहेत: तमाशाला नाके मुरडली, किंवा न पाहता त्याच्यावर लिहिले. न जाणे ही मैत्रिणीची निवड आहे, आणि ती तिला शोभते, कारण तिने किंमत मोजली आहे. आम्ही गेलो नाही तर ती निवड ठरत नाही, ती सवय ठरते. मोठ्या फडात शंभरावर माणसे असतात. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, त्याआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम संपेपर्यंत ती फेडतो. मालक स्वतः सावकाराचे देणे डोक्यावर घेऊन फिरतो. ढोलकीवाला, आचारी, तंबू ठोकणारा, सोंगाड्या हे सगळे एका कर्जाच्या साखळीत बांधलेले असतात. ही साखळी ज्याला दिसली नाही त्याला वगाची संहिताही पुरती कळणार नाही, असे आमचे आता मत झाले आहे. राजाची, पाटलाची, सावकाराची टर उडवणारी ती भाषा कुणाच्या तोंडून, कुठल्या देण्याखालून येते हे कळल्याशिवाय तिचा विनोद नुसता 'ग्रामीण' राहतो.

या वादानंतर आम्ही याद्या नव्याने केल्या. कॅमेरा घरी राहील. ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय होणार नाही, आणि नकार मिळाला तर कारण विचारले जाणार नाही. तंबूत तिकीट, जत्रेत वर्गणी. राहुटीत मुक्काम करायचा नाही, फडाच्या चुलीवर जेवायचे नाही. शंभर माणसांच्या स्वयंपाकात पाच ताटे वाढवणे हा पाहुणचार नसून भार असतो. आमच्यातल्या दोघी प्रेक्षकांत बसतील, विंगेत नाही. शहरातल्या सभागृहात खास स्त्रियांसाठी लावणीचे प्रयोग होतात तिथे बसणे सोपे आहे, कनातीत अवघड. मालकांनी त्यांना सरळ सांगितले, "मॅडम, कडेला बसा, आमचा माणूस लक्ष ठेवील." त्या कडेला बसणार नाहीत, असे त्यांनी ठरवले आहे. आणि परतल्यावर पदोन्नतीच्या गुणांसाठी शोधनिबंध लिहायचा नाही. हा शेवटचा नियम मान्य व्हायला सर्वाधिक वेळ लागला, हेही नोंदवून ठेवतो.

सायकलच का, असे अजूनही विचारले जाते. फडाच्या मागे धावताना आपण मागे पडणार, हे सायकलीवर रोज कळेल. मोटारीने गेलो तर आपणही फडाइतकेच वेगवान आहोत असा भ्रम होईल. काही रात्री आम्ही पोहोचू तेव्हा खेळ सुरू झालेला असेल, काही रात्री पोहोचणारच नाही. दिवसाच्या उन्हात सायकल मारून पाय दुखतील, पण ते दुखणे आम्ही त्यांच्या श्रमाशेजारी ठेवणार नाही. मैत्रीण म्हणाली ते खरेच आहे, आम्हाला एसटी आहे.

सहकाऱ्यांकडे आमची एकच मागणी आहे. येत्या वर्षी लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत 'तमाशाची अंगे स्पष्ट करा' हा प्रश्न काढण्याआधी आपल्या जवळच्या एखाद्या जत्रेला जाऊन यावे. सायकलीने जाण्याची सक्ती नाही. तिकीट मात्र काढावे. आणि त्या प्रश्नाखाली आणखी एक उपप्रश्न घालावा: फडातल्या कलावंताची उचल कशी ठरते व ती कोण फेडते? विद्यार्थ्यांना उत्तर येणार नाही. आपल्यालाही येत नाही. आम्ही ते पाठ करायला नारायणगावला चाललो आहोत.

परवाच मैत्रिणीने आमच्या एका सायकलीचे मागचे चाक पाहिले आणि म्हणाली, याचे आरे ढिले आहेत, आवळून घ्या, भरल्या ओझ्याने वाकेल. यायला ती अजूनही तयार नाही. आरे आम्ही आवळून घेतले.